उपनगरात राहायला जायचंय? आधी कुटुंबाचा आठवडा मांडा, मग परिसर निवडा

घर बघायला गेलेली माणसं खोल्या मोजतात, खिडक्या उघडून बघतात, नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते पाहतात. हे बघायलाच हवं. पण भिंतींचा रंग बदलता येतो, स्वयंपाकघर नव्याने करता येतं, एखादी खोलीही वाढवता येते. स्टेशन किती लांब आहे, दारासमोरून दिवसाला किती गाड्या जातात, मुलांच्या वयाची मुलं आसपास आहेत का, हे मात्र कितीही पैसे ओतले तरी बदलत नाही. म्हणून उपनगरात जायचं ठरवताना क्रम उलटा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. आधी कुटुंबाचा आठवडा बघा, मग परिसर आणि सगळ्यात शेवटी घर.

आणि आठवडा बघायचा तो घरात जो सगळ्यात कमी मोकळेपणाने बाहेर पडू शकतो त्याचा. ज्याच्या हातात गाडी आहे तो कुठेही राहिला तरी निभावून नेतो. खरी परीक्षा होते ती दहा वर्षांच्या मुलाची, गाडी न चालवणाऱ्या आईची किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांची.

मागचे दोन आठवडे लिहून काढा

कागद घ्या आणि मागच्या दोन आठवड्यांत घरातलं प्रत्येक जण कुठे गेलं, कशाने गेलं, किती वेळ लागला ते लिहा. आपण काय करायला हवं ते लिहू नका, प्रत्यक्षात जे केलं तेच लिहा. हा फरक फार महत्त्वाचा आहे. नव्या घराची स्वप्नं बघताना प्रत्येक जण आपली सुधारलेली आवृत्ती डोळ्यांसमोर आणतो: रोज पोहायला जाईन, बागेत काम करेन, दर शनिवारी मित्रांना घरी बोलावेन. गेल्या वर्षभरात जे जमलं नाही ते नुसता पत्ता बदलल्याने जमेल, अशी आशा ठेवून परिसर निवडू नये.

यादी झाली की तिचे तीन भाग करा: रोजच्या गोष्टी, आठवड्याच्या गोष्टी आणि क्वचित होणाऱ्या. कामाची जागा, शाळा, भाजीपाला, औषधं, संध्याकाळचं फिरणं या रोजच्या. शिकवणी, नातेवाइकांकडे जाणं, ग्रंथालय या आठवड्याच्या. मोठी खरेदी, पाहुणे, विमानतळ क्वचितच्या. रोजचं सगळं पायी किंवा एकाच वाहनात, फार वळसा न घेता उरकावं. आठवड्याच्या कामांना अर्धा-पाऊण तास लागला तरी चालतो. क्वचितच्या गोष्टी कितीही लांब असोत, त्यावरून निर्णय फिरवू नका. बहुतेक चुकलेल्या निवडींमध्ये हेच उलटं झालेलं असतं. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी जास्तीची खोली मिळते आणि तिच्यापायी शाळा तीन किलोमीटर लांब जाते.

दहा वर्षं पुढे जाऊन बघा

आता प्रत्येकाच्या नावापुढे आजचं वय आणि दहा वर्षांनंतरचं वय लिहा. चार वर्षांचं मूल चौदाचं होईल. त्याला आज घसरगुंडी हवी आहे. तेव्हा एकट्याने बस पकडून मित्राकडे जाता यायला हवं. बासष्टच्या आजी बाहत्तरच्या होतील. आज त्या सहज चढतात तो उतार तेव्हा त्यांना घरात बसवून ठेवेल.

उपनगराच्या बाबतीत एक वय हमखास विसरलं जातं, ते म्हणजे बारा ते सतरा. लहान मुलांसाठी शांत, हिरवी, बंदिस्त वसाहत छान वाटते. त्याच वसाहतीत पंधरा वर्षांच्या मुलाला कुठेही जायचं तर आई-बाबांना गाडी काढावी लागत असेल, तर घरातल्या दोन मोठ्या माणसांच्या संध्याकाळी ने-आण करण्यात जातात आणि मुलालाही स्वतःच्या जिवावर वावरण्याची सवय लागत नाही. घर निवडताना आपण मुलाचं बालपण डोळ्यांसमोर ठेवतो, त्याचं किशोरवयही तिथेच जाणार असतं.

प्रवासाचा हिशोब दारापासून दारापर्यंत

माणूस दिवसाला साधारण तासभर प्रवास सोसतो, म्हणजे जाताना अर्धा आणि येताना अर्धा. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये हे निरीक्षण मांडलं, ते वाहतूक अभ्यासक याकोव झहावी यांच्या आधीच्या कामावर उभं होतं. वाहनं वेगवान झाली की माणसं वेळ वाचवत नाहीत, तेवढ्याच वेळात आणखी लांब राहायला जातात. उपनगरं पसरत गेली त्यामागे हेही एक कारण आहे. तुमची मर्यादा तासाहून थोडी कमी-जास्त असेल, पण ती आधी ठरवा आणि लिहून ठेवा. आवडतं घर समोर दिसलं की ही मर्यादा फार पटकन सैल होते.

एका बाजूला अर्धा तास जास्त म्हटलं तर फारसं वाटत नाही. वर्षाला २३० कामाचे दिवस धरले तर ते २३० तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळपास २९ दिवस. मोठं घर आणि मोकळी हवा यातून त्याची भरपाई होईल असं आपण धरून चालतो. आलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या स्वित्झर्लंडच्या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती घेऊन नेमकं हेच तपासलं. ज्यांचा कामावर जायचा प्रवास लांबचा, त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी निघालं. दुसऱ्या बाजूने ती भरपाई झालेली दिसली नाही. घराची सवय होऊन जाते, रोजच्या खोळंब्याची होत नाही, असं मला यातून वाटतं.

म्हणून हिशोब नीट करा. जाहिरातीत लिहिलेली मिनिटं सोडून द्या. घराच्या दारातून निघून थांब्यापर्यंत चालणं, वाट बघणं, प्रत्यक्ष प्रवास, मधला बदल, उतरून पुन्हा चालणं, हे सगळं धरा. गाडी दर दहा मिनिटांनी असेल आणि तुम्ही वेळ न बघता गेलात, तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. दर तीस मिनिटांनी असेल तर पंधरा; आणि एक चुकली तर पूर्ण अर्धा तास गेला. त्यामुळे स्टेशन किती जवळ आहे याच्याइतकंच, तिथून किती वेळाने गाडी सुटते हे महत्त्वाचं. रात्रीची शेवटची गाडी कधी आणि सुट्टीच्या दिवशी किती गाड्या कमी होतात, हेही वेळापत्रकात बघून ठेवा.

सरासरीपेक्षा वाईट दिवस किती वाईट असतो, हे मी जास्त मोलाचं मानतो. रोज पन्नास मिनिटं लागणारा खात्रीचा प्रवास परवडतो. कधी पस्तीस तर कधी नव्वद लागत असतील तर तुम्हाला रोज नव्वद धरूनच निघावं लागेल, कारण पाळणाघर बंद व्हायची वेळ तुमच्यासाठी थांबत नाही. ज्या परिसरातून बाहेर पडायला एकच पूल किंवा एकच फाटक आहे, तिथे एक अपघात झाला की सगळे अडकतात. दुसरा रस्ता किंवा दुसरं साधन आहे का, हे नकाशावर शोधा.

घरात दोघं कमावते असतील तर एकाचा प्रवास सोपा करताना दुसऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. दोघांच्या प्रवासाची बेरीज समान असलेल्या दोन जागा असतील, तर मुलांना आणणाऱ्याचा प्रवास कमी असलेली जागा घ्या. नोकऱ्या बदलतात, म्हणून कामाच्या जागेला चिकटून राहण्यापेक्षा अनेक दिशांना जाता येईल अशा मार्गाजवळ राहणं मला शहाणपणाचं वाटतं.

स्वस्त घराची खरी किंमत

लांबचं घर स्वस्त असतं, पण तो आकडा एकटा बघू नका. त्यात प्रवासाचा महिन्याचा खर्च, दुसरी गाडी घ्यावी लागली तर तिचा हप्ता, विमा, इंधन आणि दुरुस्ती मिळवा, आणि मगच दोन जागांची तुलना करा. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास यांचा खर्च मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा असा मापदंड सुचवला आहे. तुमच्यासाठी टक्का वेगळा असू शकतो, पण दोन्ही खर्च एकत्र धरायची पद्धत कुठेही लागू पडते. देखभाल शुल्क, स्थानिक कर आणि पाण्याचा खर्चही परिसरागणिक बदलतो.

पायी चालून बघा, तेही मुलाला घेऊन

मोठं माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतं. म्हणजे ४०० मीटर पाच मिनिटांत, ८०० मीटर दहा मिनिटांत. लहान मूल, वृद्ध किंवा सामानाने हात भरलेलं माणूस यापेक्षा बराच जास्त वेळ घेतं. वर्तुळ काढून ‘सगळं अर्ध्या किलोमीटरमध्ये’ असं कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका. उपनगरांत आंधळ्या गल्ल्या आणि कुंपणं भरपूर असतात. मागच्या बाजूला दिसणारं दुकान चालत जायचं तर दीड किलोमीटर निघतं. अंतर नेहमी चालण्याच्या वाटेनेच मोजा.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी परिसराची एक कल्पना मांडली होती: मधोमध शाळा, कडेला दुकानं, मोठे रस्ते सीमेवरून जाणारे आणि दहा टक्के जागा मोकळी, जेणेकरून शाळेला जाताना मुलाला मोठा रस्ता ओलांडावाच लागू नये. इतकी नेटकी वसाहत क्वचितच मिळेल, पण तिच्यातला एक प्रश्न खिशात ठेवावा असा आहे. या घरातून शाळेत, मैदानात आणि दुकानात जाताना मुलाला किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात? शून्य असेल तर उत्तम. एक असेल तर तिथे सिग्नल किंवा उंच केलेलं पदपथी क्रॉसिंग आहे का ते पाहा. दोन किंवा अधिक असतील तर ते मूल बराच काळ एकटं बाहेर पडणार नाही असं धरून चाला.

गाड्यांचा वेगही बघा. ५० किलोमीटर वेगाच्या गाडीच्या धडकेत ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटींहून जास्त ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्त्यावर ३० ची पाटी आहे एवढ्यावर थांबू नका. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा असेल तर पाटी काहीही म्हणो, गाड्या जोरात जातातच. अरुंद रस्ता, वळणं, गतिरोधक आणि कडेची झाडं वेग खाली आणतात.

रहदारीचा परिणाम अपघातांपुरता नसतो. डोनाल्ड अपल्यार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांचा अभ्यास केला. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर प्रत्येकाला आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. शेजार हवा असेल तर शेजाऱ्यांचा स्वभाव बघण्याआधी रस्ता बघा, असं मी यावरून सांगेन.

बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलत एक फेरी मारणं ही सर्वांत खरी चाचणी. पदपथ मध्येच तुटतो का, कडा उतरत्या आहेत का, विजेचा खांब वाटेत उभा आहे का, बसायला बाक आहे का, दुपारी सावली आहे का. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ ला १ पेक्षा तीव्र नसावा असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. काही वसाहतींतले चढ याच्या जवळपासही बसत नाहीत.

शाळेबद्दल थोडं वेगळं

शाळेची कीर्ती आणि निकाल तर सगळेच बघतात. त्याशिवाय तीन गोष्टी विचारा. या पत्त्यावरून त्या शाळेत प्रवेशाचा हक्क मिळतो का आणि हद्द बदलू शकते का. याचं उत्तर शाळेकडून किंवा शिक्षण विभागाकडून लेखी घ्या, घर विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. दुसरं, त्याच शाळेतली मुलं याच भागात राहतात का. वर्गमित्र दहा किलोमीटरच्या परिघात विखुरलेले असतील तर शाळा सुटल्यावर मूल एकटंच. तिसरं, प्राथमिक संपल्यावर पुढची शाळा कुठे. शाळा चांगली आहे म्हणून घेतलेल्या घरातून पाच वर्षांनी दुसऱ्या टोकाला जायची वेळ येते, ते याच प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पाणी, आवाज, हवा

पुराच्या नकाशावर ‘शंभर वर्षांत एकदा’ असं लिहिलेलं वाचून माणसं निर्धास्त होतात. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षं तिथे राहिलात तर त्या काळात निदान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एकापेक्षा जास्त. नकाशा बघाच, पण जोराच्या पावसानंतर प्रत्यक्षही जा. पाणी कुठे साचतं, भिंतींवर ओलीच्या रेषा किती उंचीवर आहेत, जुन्या घरांचे जोते नव्यांपेक्षा उंच का आहेत, हे डोळ्यांना दिसतं. जुने नाले बुजवून त्यावर बांधकाम झालं असेल तर पाणी आपली वाट विसरत नाही.

आवाज दहा डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी रात्रीची सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावी अशी शिफारस केली. फोनवरचं ॲप अचूक नसलं तरी दोन घरांची तुलना करायला पुरतं. रात्री अकराला निजायच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून मोजा. मोठ्या महामार्गाच्या कडेला दीडशे-दोनशे मीटरपर्यंत धुराचं प्रमाण जास्त असतं, आणि वारा ज्या बाजूकडे वाहतो त्या बाजूला ते आणखी पसरतं. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर ही एकच गोष्ट निर्णायक मानावी.

मोकळी जागा आणि ‘लवकरच’

खिडकीतून हिरवं माळरान दिसतंय म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी त्या जमिनीवर काय बांधायला परवानगी आहे ते स्थानिक नियोजन कार्यालयातल्या विकास आराखड्यात बघा. आज जिथे गवत आहे तिथे उद्या गोदाम किंवा बारा मजली इमारत येऊ शकते.

नवी रेल्वे, नवी शाळा, नवं रुग्णालय यांच्या घोषणांबाबत मी एकच नियम पाळायला सांगतो: जे आज सुरू आहे तेवढंच मोजा. काम चालू असेल तर ती वरकमाई समजा. नुसती घोषणा असेल तर शून्य धरा. ते कधीच झालं नाही तरी इथे आनंदाने राहू, असं म्हणता येत असेल तरच पुढे जा.

वेगवेगळ्या वेळी जा आणि नेमके प्रश्न विचारा

रविवारी सकाळी कुठलाही परिसर सुंदर दिसतो, आणि बहुतेक घरं रविवारीच दाखवली जातात. कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळेला तिथून कामावर जाऊन बघा. संध्याकाळी साडेपाच-सहाला मैदानात जा आणि मुलं कुठल्या वयाची आहेत, खेळ कोण ठरवतंय, मोठी माणसं नुसती राखण करतायत की गप्पा मारतायत, ते पाहा. रात्री दहाला स्टेशनवरून घरापर्यंत चालत या. घरातल्या बायकांनी आणि मोठ्या मुलींनी ही वाट स्वतः चालून मत द्यावं, ते मत मी अखेरचं मानेन.

लोकांना ‘इथे कसं आहे?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा: शेवटचं पाणी कधी गेलं होतं आणि किती वेळ? वीज? मूल आजारी पडलं तेव्हा डॉक्टरकडे पोहोचायला किती वेळ लागला? मागच्या महिन्यात कुणाशी भांडण झालं ते कशावरून? गाडी लावायच्या जागेवरून, आवाजावरून की कुत्र्यांवरून, हे कळलं की तिथल्या रोजच्या जगण्याचा अंदाज येतो. जमलं तर घर सोडून जाणाऱ्यांशी बोला. त्यांना परिसराची भलामण करायचं काही कारण नसतं.

प्रत्येक जागेचा एक मंगळवार लिहा

निवड दोन-तीन जागांवर आली की बरेच जण गुणांचा तक्ता बनवतात. माझा त्यावर विश्वास नाही, कारण मनात बसलेली जागा जिंकेपर्यंत आपण नकळत गुण फिरवत राहतो. त्याऐवजी प्रत्येक जागेसाठी एका साध्या मंगळवारची हकिगत लिहा. सकाळी कोण किती वाजता उठलं, कोण कुणाला सोडायला गेलं, पाऊस आला तेव्हा काय झालं, आजोबा दुपारी कुठे गेले, संध्याकाळी संपलेलं औषध कुणी आणलं, जेवायला सगळे एकत्र किती वाजता बसले. एका जागेचा मंगळवार लिहिताना पुन्हा पुन्हा ‘मग गाडी काढली’ असं येत असेल, तर उत्तर मिळालं.

या टप्प्यावर घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, एका गोष्टीला ठाम नकार द्यायचा हक्क द्या. फक्त एका, पण त्यावर वाद नाही. कुणाला एकाकीपणा सोसत नाही, कुणाला गोंगाट. एकाला शेजाऱ्यांचं येणं-जाणं हवं असतं, दुसऱ्याला दार लावून शांत बसायचं असतं. हे स्वभावाचे फरक घर घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी टेबलावर आलेले बरे. नकारांतून जी जागा वाचते ती बहुधा कुणाचीच पहिली पसंती नसते. तरी सगळ्यांचे दिवस नीट जातील अशी ती एकच जागा असते.

जमत असेल तर त्या परिसरात आधी भाड्याने राहा. सहा महिन्यांत किमान एक वाईट हंगाम अनुभवाला येईल असा काळ निवडा: जास्त पावसाचा, कडक उन्हाचा किंवा थंडीचा. मुलं शाळेत जाणारी असतील तर नव्या सत्राच्या आरंभी जा, म्हणजे ती वर्गात मध्येच आलेली ठरणार नाहीत. भाडेकरारात मुदतीआधी सोडण्याची अट समजून घ्या. आणि त्या काळात दर महिन्याला पहिल्या दोन आठवड्यांची यादी पुन्हा लिहा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली यादी जुन्या यादीशेजारी ठेवली की कुणाचं बाहेर पडणं वाढलं आणि कुणाचं थांबलं ते दिसेल, आणि तिथलं घर विकत घ्यायचं की शोध चालू ठेवायचा, ते त्यावरूनच ठरवा.